केसरचे खडे

५ जानेवारी २०२५, रविवार

आमच्या स्टेशनातल्या बिरप्पाच्या मुलीच्या लग्नाला होटगीला गेलो होतो. रेल्वेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी तिथे मी अजून ‘बुकिंगचे रावसाहेब’ आहे, त्यामुळे पंगतीत मान मिळाला आणि जिलेबीही जास्त मिळाली. केसरने दोनच खाल्ल्या असतील. तासाभरात तिच्या उजव्या बरगडीखाली कळ निघाली आणि ती पाठीतून खांद्यापर्यंत चढली. घामाने पोलकं भिजलं, मंडपामागे जाऊन उलटी केली. मी म्हणालो, हावरटपणा नडला. ती म्हणाली, “न्हाय वो. आतनं कुणीतरी पिळल्यागत हुतंय.”

रिक्षात तिने सांगितलं की ही तिसरी वेळ आहे. आधीच्या दोन वेळी ओवा चावून गप्प पडून राहिली होती. सदतीस वर्षांच्या संसारात या बाईने दुखलं म्हणून पहिल्याच वेळी कधी सांगितलेलं नाही.

७ जानेवारी

सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे आहेत. मोठा चौदा मिलिमीटरचा, बाकी सात-आठ बारीक.

खरं लिहायचं तर मला हायसं वाटलं. मनात भलतंसलतं येत होतं. खडे म्हणजे आपला हातखंडा विषय. २०१७ साली माझ्या मूत्रपिंडात नऊ मिलिमीटरचा मुतखडा होता. डॉक्टरांनी टेबलावर घ्यायची तयारी केली होती. मी दीड महिना पानफुटीची पानं चावली, हुलग्याचं माडगं प्यालो आणि एके सकाळी खडा टण्‌कन बाहेर. कपात धरून सगळ्या स्टेशनला दाखवला होता. बिरप्पा तर म्हणाला होता, ह्याला चौकटीत बसवा.

९ जानेवारी

मोठ्या दवाखान्यात सर्जनला दाखवलं. डॉक्टरबाई आमच्या मुलीच्या, संघप्रियाच्या वयाच्या. बोलल्या चांगल्या, पण ऐकून घेण्याची सवय कमी.

म्हणाल्या, “त्रास नसता तर नुसतं लक्ष ठेवलं असतं. पुष्कळांच्या पोटात खडे असतात आणि जन्मभर कळतही नाही. यांना तीनदा कळ आली, म्हणजे पुन्हा येणार. पित्ताशय काढून टाकणं हाच खात्रीचा उपाय. दुर्बिणीने करतो. चार छोटी छिद्रं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी.”

मी म्हणालो, खडे काढा की. पिशवी कशाला काढता? विहिरीत दगड पडला म्हणून आम्ही विहीर बुजवत नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, पिशवी ठेवली तर खडे पुन्हा होतात. पित्त यकृतात तयार होतं, पिशवी नुसतं साठवते, तिच्यावाचून माणूस व्यवस्थित जगतो. गोळ्यांचं विचारलं तर म्हणाल्या, ठरावीक प्रकारच्या बारीक खड्यांनाच लागू पडतात, वर्ष-दोन वर्षं घ्याव्या लागतात, आणि बंद केल्या की बऱ्याचदा खडे परत येतात. यांच्या खड्यांना उपयोग नाही.

मग मी माझ्या मुतखड्याची हकीकत सांगितली. बाई म्हणाल्या, “काका, त्या खड्याला लघवीची वाट असते. हा खडा निघाला तर पित्ताच्या बारीक नळीत शिरतो. तिथे अडकला तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते, जीवावर बेततं. मोठ्यापेक्षा बारीक खड्यांचीच मला जास्त काळजी आहे.”

मोठ्यापेक्षा बारीक वाईट, हे काही मला पटलं नाही.

केसरने एकच विचारलं, “बाई, मला पुन्यांदा भाकरी थापता येतील न्हवं?” बाई म्हणाल्या, पंधरा दिवसांत. केसर माझ्याकडे बघत बसली. मी म्हणालो, विचार करून कळवतो. बाहेर आल्यावर तिला विचारलं, तुला काय वाटतं? म्हणाली, “तुमी म्हणाल तसं.” मग ठरलंच.

१२ जानेवारी, रविवार

उपचार सुरू. सकाळी अनशापोटी पानफुटीची दोन पानं, अकराला हुलग्याचं माडगं, संध्याकाळी पुन्हा दोन पानं. तेलकट, तुपकट बंद. मी स्वयंपाकघराच्या दाराला वेळापत्रक चिकटवलं आहे. केसर म्हणाली, “गाडीचं टायमिंग लावल्यागत लावलंय की.” मी म्हणालो, आमच्या गाड्या लेट व्हायच्या, पानं होणार नाहीत.

संघप्रियाचा पुण्याहून फोन आला. ऑपरेशनची तारीख घेतली का, हा तिचा पहिला प्रश्न. मी म्हणालो, तुझ्या पप्पाने स्वतःचा खडा कपात धरलाय, विसरलीस का. ती म्हणाली, “पप्पा, तो मुतखडा होता.” मी म्हणालो, खडा तो खडा. तिने आईला फोन द्यायला सांगितला. दोघी बराच वेळ गॅलरीत बोलत होत्या.

२० जानेवारी

आज दोघे जण पानं घेऊन गेले, एक विजापूर रोडवरून आले होते. आतापर्यंत माझ्याकडून पानं नेलेल्यांची संख्या शंभरावर गेली असेल. मी कुणाकडून काही घेत नाही.

निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष मी खिडकीत बसून काढलं. जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला, पण इथे मला कोण ओळखणार? तेव्हा केसरनेच गॅलरीत पानफुटीच्या कुंड्या लावल्या आणि खालीवर सांगत सुटली की आमच्या ह्यांच्याकडं खड्याचं औषध हाय. माणसं येऊ लागली. तेव्हापासून मी पुन्हा रोज दाढी करू लागलो. हे तिला मी कधी बोललेलो नाही.

४ फेब्रुवारी

पानं सुरू केल्यापासून तीन आठवड्यांत एकदाही कळ नाही. मी म्हणालो, बघ. ती म्हणाली, “व्हय की, बरं वाटतंय.” चेहरा जरा उतरला आहे, पण वजन कमी झालं हे चांगलंच. आता ती जेवते पण वेगळीच, ओट्याशी उभ्याने, कोरडी भाकरी आणि वरणाचं पाणी. शेंगाच्या चटणीला हात लावत नाही. पथ्य पाळावं तर केसरने पाळावं.

मनगटाच्या वर चिकटपट्टी दिसली. काय झालं विचारलं तर म्हणाली, कढई लागली. गेल्या आठवड्यातही लागली होती. हिला आता चष्मा बदलायला हवा.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज मोठा दिवस. मोबाइलवर एका गृहस्थाने सांगितलेला उपाय काल केला. दिवसभर सफरचंदाचा रस, मग अर्धी वाटी ऑलिव्ह तेल आणि तेवढाच लिंबाचा रस एका दमात. केसर नाक दाबून प्याली. नंतर भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून. मी विचारलं, दुखतंय? “न्हाय, तेलाचा वास येतुय.”

आज सकाळी तिच्या पोटातून हिरवे मऊ खडे पडले. मी चहाच्या जुन्या गाळणीत धुऊन मोजले. तेवीस. सोनोग्राफीत आठ-नऊ दिसले होते आणि पडले तेवीस, म्हणजे यंत्रालाही सगळं दिसत नाही. एका बाटलीत भरून कपाटात ठेवले. संघप्रियाला फोटो पाठवला. तिने उत्तर दिलं नाही, रुसली असेल.

मला एवढा आनंद फार दिवसांत झाला नव्हता. केसरही माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, “तुमी लई खूश हाय, मग मी बी खूश.”

२८ फेब्रुवारी

ऊन तापायला लागलं. कपाट उघडलं तर बाटलीतले खडे विरघळून नुसता तेलकट गाळ उरला आहे. आधी वाईट वाटलं. मग लक्षात आलं की हाच तर पुरावा, हे खडे विरघळणारेच होते. तरीही पोट कापा म्हणत होते.

९ मार्च, रविवार

केसर आज चहा देताना म्हणाली, “अवो, एकडाव त्या बाईला दाखवून यायचं का? नुसता पोटाचा फोटू काढू. खडं गेलं आसतील तर बी कळंल की.”

मी म्हणालो, तेवीस खडे डोळ्यांनी पाहिलेस ना? तुझा माझ्यावर विश्वास नाही, असं सरळ सांग. ती म्हणाली, “हाय की. लई हाय.” आणि कप उचलून आत गेली. दुपारपर्यंत मी बोललो नाही. मग तिनेच मला बोलतं केलं, गुळाची पोळी करून. स्वतः नाही खाल्ली.

मला राग येतो तो डॉक्टरांचा नाही. घरचं माणूसच शंका घेतं, त्याचा येतो.

१७ मार्च

केसरचे डोळे पिवळे दिसतात. खालच्या मजल्यावरच्या मायाक्काने आधी पाहिलं. त्या अक्कलकोटकडच्या, बोलणं तोंडावर. मला अण्णा म्हणतात आणि धाक बहिणीसारखा देतात. म्हणाल्या, “अण्णा, कावीळ हाय री ही. आमच्या गावाकडं माळ घालतेत. कावीळ उतरंल तशी माळ वाडत जाते, डोस्क्यावरनं पायापतोर येती. मी घिऊन जाते अक्काला.”

मी त्यांना तासभर समजावलं. म्हणालो, सुकताना वेलीची गाठ सैल होते म्हणून माळ वाढते, त्यात कावीळ कुठे आली? आमच्या घरात आम्ही कारण तपासल्याशिवाय काही मानत नाही. गंडेदोरे सोडून आम्हाला तीन पिढ्या झाल्या. मायाक्का म्हणाल्या, “मग डाक्टरला दाखवा. तुमचं तर ते बी न्हाय, हे बी न्हाय.” बाई तोंडाच्या फटकळ आहेत.

पानं दोनाची चार केली. पानफुटी यकृतालाही चांगली असं कुठेतरी वाचलं होतं.

२० मार्च

सकाळपासून हुडहुडी भरून ताप. अंगाला खाज इतकी की केसरने हात ओरबाडून घेतले आहेत. लघवी चहासारखी, शौचाचा रंग मातीसारखा. उष्णता झाली असावी, किंवा मलेरिया. इकडे डास फार आहेत. तापाची गोळी दिली, घाम येऊन उतरला, दुपारी परत चढला.

मायाक्काने माझ्यासमोर संघप्रियाला फोन लावला. मला विचारलंही नाही.

२१ मार्च

संघप्रिया पहाटेच्या गाडीने आली. आईकडे एकदा बघितलं आणि रिक्षा बोलावली. माझ्याशी एक शब्द नाही. केसर जिना उतरताना माझा हात धरून होती. तिचा हात भट्टीसारखा तापला होता.

डॉक्टरबाई त्याच. सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडे आहेत, सगळे आहेत. एक बारीक खडा नळीत जाऊन अडकला आहे. मागे पू झाला आहे आणि तो रक्तात गेला आहे. तोंडातून दुर्बीण घालून नळीचं तोंड उघडलं, खडा काढला, नळी बसवली. खडा पाच मिलिमीटरचा.

मी बाईंना म्हणालो, तेवीस खडे पडले होते. त्यांनी मला खुर्ची दिली आणि सांगितलं की ते खडे नव्हते. तेल आणि लिंबाचा रस पोटात गेला की पोटातल्या रसांनी त्याचा साबण होतो, त्याच्याच त्या गोळ्या. कुणीही प्यालं तरी पडतात. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

२२ मार्च

आज केसर शुद्धीत होती. डॉक्टरबाई फाइल घेऊन आल्या. म्हणाल्या, “केसरबाई, जानेवारीत सांगितलं होतं. इतके दिवस का थांबलात?”

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. केसर म्हणाली, “मीच भ्याले बाई. हे लई म्हणत हुते, करून घे, करून घे. मीच ऐकलं न्हाय.”

बाईंनी ते लिहून घेतलं. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, बायका घाबरतात, काका. आणि मी मान हलवली.

मी मान हलवली. हे दुसरीकडे कुठे लिहू?

२४ मार्च

मूत्रपिंडं काम करत नाहीत. यंत्र लावलं आहे. पाच मिनिटं आत सोडतात. मी गेलो तेव्हा तिने विचारलं, “जेवलाव का?” मी हो म्हणालो. म्हणाली, “डब्यात पीठ हाय. मायाक्काला सांगा, टाकून देतील चार भाकरी.” मला तिची माफी मागायची होती. म्हणालो, उद्या बोलू, तू आराम कर.

२७ मार्च

केसर गेली. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी.

३१ मार्च

मायाक्का जेवण घेऊन आल्या आणि बसून राहिल्या. मग म्हणाल्या, सांगायचं नव्हतं, अक्काने शपथ घातली होती. मी सकाळी फिरायला किंवा कुणाकडे पानं पोचवायला बाहेर पडलो की केसर त्यांना घेऊन कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जायची. कळ थांबायची सुई शिरेतून घ्यायची. किती वेळा, मी विचारलं. “मोजलं कोन अण्णा? आटवड्याला दोनडाव, कदी तीनडाव. तितला डाक्टर बी म्हणायचा, आपरेशन करा, सुईनं भागायचं न्हाय.”

मी विचारलं, मला का सांगितलं नाही? मायाक्का म्हणाल्या, “तुमी इतक्या मानसास्नी पानं देता. घरच्याच बाईला गुण न्हाय आला आसं झालं तर ह्यांनी तोंड कुटं दाखवायचं, आसं अक्का म्हणायच्या.”

मनगटावरच्या पट्ट्या मी पाहिल्या होत्या. मी तिला चष्म्याचा नंबर काढायला सांगितला होता.

६ एप्रिल, रविवार

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. जुन्या वस्तीतल्या विहारात पाऊणशे माणसं होती. भंतेजींनी वंदना घेतली, मग एकेक जण उठून बोलू लागला. केसर कशी सगळ्यांचं करायची, कुणाच्या बाळंतपणाला धावली, कुणाची फी भरली. सगळं खरं होतं.

मग तिचा भाऊ नवनाथ उठला. उजनीकाठच्या गावाहून माणसं भरून जीप आणली होती त्याने. म्हणाला, “आमची ताई ल्हानपनापसनं भित्री. सुईला भ्यायची. दाजींनी लई समजावलं, पर तिनं ऐकलं न्हाय. दाजींनी सेवा केली तशी कुनी करनार न्हाय.” माणसांनी माना हलवल्या.

मी उठलो. कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. म्हणालो, ती भ्याली नव्हती. डॉक्टरांनी जानेवारीत सांगितलं होतं, मीच नको म्हणालो. पानफुटी दिली, तेल पाजलं. कावीळ झाली तरी चार दिवस घरात ठेवलं. दवाखान्यात तिने माझ्यासाठी खोटं सांगितलं, आणि मी तिथे उभा राहून ते ऐकून घेतलं. केसर माझ्यामुळे गेली.

नवनाथने मला खांद्याला धरून खाली बसवलं. “दाजी, आसं मनाला लावून घिऊ नका. तिनं मला सोता फोन केल्ता दवाखान्यातनं. म्हणली, मीच न्हाय म्हणत हुते, तुज्या दाजीला कुनी बोल लावायचा न्हाय.” मागून एक म्हातारी म्हणाली, दुःखात मानूस कायबी बोलतंय. बिरप्पाने पाण्याचा पेला पुढे केला. भंतेजी शोकावर आणि धीरावर चार शब्द बोलले, आणि मग जेवणं झाली.

तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. अंगात ताप असताना, हाताला नळ्या असताना, एकेकाला फोन लावून. आता मी काहीही सांगितलं तरी कुणी मानणार नाही.

घरी आल्यावर संघप्रियाने चहा केला आणि समोर बसली. पंधरा दिवसांनी ती माझ्याशी नीट बोलली. म्हणाली, “पप्पा, मला माहीत आहे. तुम्ही तिथे बोललात ते खरं आहे.”

मला रडू फुटलं. निदान एकाने तरी मानलं, असं वाटलं.

ती म्हणाली, “मी सुटी टाकून येणार होते. म्हटलं, तू आणि मी जाऊन करून येऊ, पप्पांना नंतर सांगू. आई नको म्हणाली. म्हणाली, ‘ह्यांच्या माघारी मी जानार न्हाय. ते चल म्हणले की लगीच जाते.’ तिला भीती नव्हती पप्पा. तिने जानेवारीतच दोन साड्या, टॉवेल आणि पाण्याचा पेला पिशवीत भरून ठेवला होता, पलंगाखाली. मी दर रविवारी फोनवर विचारायची, म्हणाले का पप्पा? ती म्हणायची, ‘म्हणतील की.’ शेवटच्या रविवारीही तेच म्हणाली. मीही ऐकत बसले तिचं.”

मग ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं.

मी पलंगाखाली पाहिलं. पिशवी होती. साड्या घडी केलेल्या होत्या, वर सोनोग्राफीचा कागद आणि डॉक्टरबाईंची चिठ्ठी.

सदतीस वर्षांत मी केसरला बाजाराला चल म्हणालो, लग्नाला चल म्हणालो, मयतीला चल म्हणालो. प्रत्येक वेळी ती पदराला हात पुसत निघाली, कुठे आणि कशाला असं कधी विचारलं नाही. मी चल म्हणायची वाट बघत ती अडीच महिने या घरात माझ्या समोर वावरत होती. मी तेवढंच म्हणायला हवं होतं.